परतीचा दोर

धाडसाचं कौतुक करायचं झालं की मराठीत एक वाक्प्रचार अगदी तोंडावर येतो : परतीचे दोर कापून टाकले. नोकरी सोडून धंद्यात पडलेल्या माणसाबद्दल आपण असं म्हणतो, मुलूख सोडून निघालेल्या तरुणाबद्दल म्हणतो. त्यामागे सिंहगड आहे, हे शाळेपासून ठाऊक असतं. ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र. परंपरा सांगते की तानाजी मालुसरे पडले, मावळ्यांचा धीर खचला, ते कड्याच्या दोराकडे धावले, आणि दोर केव्हाच कापून टाकल्याचं तानाजींचे भाऊ सूर्याजी यांनी त्यांना सांगितलं. मावळे मागे फिरले ते लढायला, आणि गड घेतला.

ही गोष्ट वर्गात ऐकली तेव्हा अंगावर आलेला काटा आजही येतो. पण गेली अकरा वर्षं सह्याद्रीत हिंडताना एक गोष्ट मनात पक्की होत गेली. ते युद्ध होतं, गड घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. शनिवारी रात्रीची गाडी पकडून डोंगरात जाणाऱ्या माणसाला कुठला गड जिंकायचा नसतो. रविवारी रात्री त्याला घरी जेवायला पोचायचं असतं. त्याच्याजवळची सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे परतीचा दोर. हे पुस्तक त्या दोराबद्दल आहे.

पुस्तकात अकरा हकिकती आहेत. बहुतेक हकिकती माथ्यावर सुरू होतात आणि पायथ्याच्या गावात संपतात. चढाईची वर्णनं मी मुद्दाम गाळली. ती मराठीत भरपूर आहेत आणि फार सुंदर आहेत; गो. नी. दांडेकरांची 'दुर्गभ्रमणगाथा' वाचून कितीजण घराबाहेर पडले असतील, त्यातलीच मी एक. उतरणीच्या वाट्याला मात्र बहुतेक ठिकाणी एखादंच वाक्य येतं, अंधार पडायच्या आत खाली पोचलो, एवढंच. त्या एका वाक्यात चार-पाच तास असतात. गुडघे असतात, घसारा असतो, संपत आलेलं पाणी असतं, आणि सकाळी चढताना नसलेली एक वेगळीच भीती असते.

मी पहिल्यांदा डोंगरात गेले तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते. ठाण्यातल्या शाळेत गणित शिकवायचे. आमच्या शिक्षकखोलीतल्या सहा-सात जणांनी भीमाशंकरला कर्जतच्या बाजूने चढून जायचं ठरवलं आणि मी हो म्हणून बसले. पायथ्याच्या खांडस गावातून दोन वाटा वर जातात, शिडी घाट आणि गणेश घाट. आम्ही शिडीच्या वाटेने चढलो. जिथे कातळ उभा राहतो तिथे लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत, आणि शिडी संपल्यावर पुढचं पाऊल ठेवायला जी अरुंद जागा आहे तिच्या एका बाजूला दरी आहे. डोंगरातली माणसं याला दृष्टिभय म्हणतात. हा शब्द मला त्या दिवशी कळला, अर्थासकट. तरीही मी चढले, धापा टाकत, पण चढले. वर मंदिरात हात जोडले तेव्हा वाटलं, जमलं आपल्याला.

गणेश घाटाची वाट सोपी. उतरताना दम लागला नाही, छाती धडधडली नाही, गप्पा मारत खाली आलो. सोमवारी सकाळी शाळेचा जिना उतरताना कठड्याला धरावं लागलं. मंगळवारी त्याहून वाईट. बुधवारी फळ्याखाली पडलेला खडू मी उचललाच नाही, दुसरा घेतला.

याचं कारण नंतर शोधून काढलं, आणि ते कळल्यावर माझं चालणंच बदललं. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडून काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी अंगाचं सगळं ओझं धरून ठेवत असतो. भरलेला ट्रक घाटात ब्रेकवर उतरावा, तसं. या कामाला प्राणवायू कमी लागतो, म्हणून दम लागत नाही, आणि म्हणून कष्ट झालेच नाहीत असं वाटतं. पण स्नायूच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते ती याच कामात. दुखणं लगेच येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरास येतं. यातली आशेची बाजू अशी, की असा मार एकदा खाल्लेला स्नायू पुढचे काही आठवडे तशाच मारापासून बराच वाचतो. म्हणजे उतरायची तयारी उतरूनच होते. सपाट रस्त्यावर कितीही चाललात तरी ती होत नाही.

आमची इमारत सात मजली आहे. त्या वर्षी मी लिफ्टने वर जायचे आणि जिन्याने उतरायचे. पुन्हा लिफ्टने वर, पुन्हा जिन्याने खाली. पहिल्या आठवड्यात तीन फेऱ्या, दोन महिन्यांनी बारा. पाठीवरच्या सॅकमध्ये आधी काही नसायचं, मग पाण्याच्या दोन बाटल्या, मग पाच किलो तांदूळ. कुणी चाळिशीनंतर डोंगरात जायचं म्हटलं की मी पहिल्यांदा हेच सांगते.

मांड्या तयार झाल्या, पावलं तयार व्हायची होती. ती तयार केली आहुप्याच्या एका वाटाड्या मामांनी. आंबेगाव तालुक्यातलं आहुपे घाटमाथ्यावर, आणि खाली कोकणात खोपिवली. मधे आहुपे घाट. फेब्रुवारी संपत आला होता, गवत वाळून पिवळं पडलं होतं. वाळलेलं गवत ओल्या शेवाळाइतकंच घसरतं हे मला माहीत नव्हतं. मी गवतावर पाय ठेवत होते, कारण ते मऊ आणि सुरक्षित दिसत होतं, आणि दर दहा पावलांनी बसत होते. मामा थांबले.

"ताई, गवतावं नका पाय ठिवू. मातीवं ठिवा. आन टाच नका मारू, समदा पाय टेकवा."

मग मी त्यांच्या मागे मागे, त्यांचे पाय बघत उतरले. झिजलेली रबरी चप्पल. गुडघा एकदाही सरळ होत नव्हता, कायम थोडा मोडलेला. पावलं लहान, एवढी लहान की मला वाटलं माझ्यासाठी हळू चालतायत. पण ते माझ्यापेक्षा भराभर खाली जात होते. मुरमाचा उतार आला की अंग तिरकं करून, पाऊल आडवं टाकत. हात गवताला कधीच गेला नाही. आधार लागला तर कारवीचा, तोही शेंड्याला नाही, बुडाशी. आणि जिथे पाय ठेवतोय तिथे त्यांची नजर नव्हतीच. ती तीन पावलं पुढे होती. तासाभराने माझ्या ध्यानात आलं की ते पावलं टाकत नाहीयेत, पावलांच्या जागा आधीच निवडून झाल्या आहेत आणि पाय फक्त तिथे जातोय. मामांची बहीण खाली खोपिवलीत दिलेली. सणासुदीला या वाटेने ते लहानपणापासून येत-जात होते. आमच्यासाठी जो थरार होता ते त्यांच्यासाठी बहिणीचं घर होतं. हे मी इथे आवर्जून लिहिते, कारण सह्याद्रीत साहस या शब्दाचा वापर जपून करायला मी त्या दिवशी शिकले.

हा डोंगर असा का आहे, हे कळलं की तो उतरायचा कसा हेही थोडं कळतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. थरावर थर, भाकरीच्या चवडीसारखे. काही थर टणक, काही भुसभुशीत. टणक थराचा कडा होतो. मऊ थर झिजून त्याची उतरंड होते, तिच्यावर माती धरते, रान वाढतं. म्हणून सह्याद्रीचा पश्चिम कडा खालून पाहिला तर आडव्या पट्ट्यांचा दिसतो : कातळ, रान, पुन्हा कातळ, पुन्हा रान. मधल्या रानाच्या सपाटीला आपल्याकडे पदर म्हणतात. उतरणाऱ्याला हा शब्द फार आपला वाटतो. कड्यातून सुटून पदरात आलं की सावली मिळते, बसता येतं, पुढचा कडा कुठे फुटलाय ते शोधता येतं. कारण प्रत्येक कडा कुठे ना कुठे फुटलेला असतोच. पाण्याने चिरलेली नाळ असते, नाहीतर एखादी सोंड खाली उतरलेली असते. घाटवाटा म्हणजे माणसांनी शेकडो वर्षांत शोधून ठेवलेल्या या फटी.

त्यातली सगळ्यात थोर नाणेघाट. जुन्नरच्या बाजूने कोकणात उतरणारी, कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांकडे जाणारी सातवाहनांची वाट. घाटाच्या तोंडाशी लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, बाहेर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे. हौशी मंडळी वैशाखऱ्याकडून चढून येतात, लेख बघतात, नानाचा अंगठा म्हणतात त्या कड्यावर फोटो काढतात आणि तशीच खाली जातात. मी एकदा उलट गेले, जुन्नरहून येऊन घाट उतरले. पाठीवर ओझं होतं, आणि दगडी पायऱ्या उतरताना मनात आलं की ही वाट देशावरच्या मालाने अशीच पाहिली असेल, वरून खाली. खाली कोकण धुरकट पसरलेलं, आणि त्याच्या पलीकडे कुठेतरी बंदर. दोन हजार फुटांहून जास्त उतार, लादलेली जनावरं, आणि माथ्यावर जकात भरून मोकळे झालेले व्यापारी. इतिहासाच्या पुस्तकात व्यापारी मार्ग ही नकाशावरची रेघ असते. गुडघ्यांना ती वेगळी कळते.

आणि हिरकणी! मराठी मुलखातलं सगळ्यात लाडकं गिर्यारोहण हे खरं तर अवरोहण आहे, याकडे आपलं लक्ष कसं गेलं नाही याचं मला नवल वाटतं. कोजागिरीचा दिवस, दूध विकायला रायगडावर आलेली गवळण, मावळतीला बंद झालेले दरवाजे आणि घरी तान्हं बाळ. ती चढली म्हणून तिची कथा झालेली नाही. चढून तर ती रोजच येत होती. ती उतरली. अंधारात, दोराशिवाय, कड्याने. दंतकथा असेल, पण ज्या समाजाने ती इतकी वर्षं जपली त्याला उतरण्याची किंमत ठाऊक होती. आज रायगडाचा रोपवे ज्या हिरकणीवाडीतून सुटतो तिथे उभं राहून मी बराच वेळ वर बघत राहिले होते. बुरूज दिसतो, कडा दिसतो. तिने पाऊल कुठे ठेवलं असेल ते काही दिसत नाही.

माझ्या स्वतःच्या हकिकतींत मला सगळ्यात जवळची वाटते ती न झालेल्या चढाईची. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याजवळ बेलपाड्याकडून चढणारी नळीची वाट आहे. दगडधोंड्यांनी भरलेली लांबलचक नाळ, मधे कातळाचे टप्पे, आणि डोक्यावर आत वळलेला तो प्रचंड कडा. आम्ही पाच जण होतो. निघताना ठरलं होतं की दुपारी एक वाजेपर्यंत अमुक टप्पा झाला नाही तर फिरायचं. एक वाजला तेव्हा तो टप्पा समोर दिसत होता. फार तर पाऊण तासाचं काम. आमच्यातल्या एकीच्या पोटऱ्यांत गोळे येत होते, पाणी निम्म्याहून कमी उरलं होतं. कुणी काही बोलेना. मग ती स्वतःच म्हणाली, "माझ्यासाठी थांबू नका, मी इथेच बसते." हे वाक्य डोंगरात ऐकू आलं की निर्णय झालेला असतो. आम्ही फिरलो. नाळेतून खाली येणं वर जाण्यापेक्षा कठीण. हलते धोंडे, वरच्याच्या पायाने सुटलेला दगड खालच्याच्या अंगावर. एकाने पूर्ण खाली जाऊन आडोशाला उभं राहायचं, मगच दुसऱ्याने निघायचं, असं करत साडेसहाला गावाच्या शेताडीत आलो. दिवस मावळत होता. मी आजवर केलेल्या सगळ्यांत नेटक्या कामांपैकी ते एक होतं. दोन वर्षांनी आम्ही पाचही जण ती वाट चढून वर गेलो. पण पुस्तकात मी पहिल्या दिवसाचीच हकिकत लिहिली आहे.

याच्या उलटही पाहिलं. नाव सांगत नाही, एका गटाबरोबर पावसाळ्यात गेले होते. चाळीसच्या वर माणसं, दोन पुढारी आणि एक दोर. उतरताना ओल्या कातळाच्या टप्प्यावर रांग लागली. पुढच्यांना उतरवता उतरवता मागच्यांचे दोन तास पावसात गेले, हात गारठले, आणि गारठलेल्या हातांनी दोर धरायची पाळी आली. एका मुलाचा पाय सुटला. तो खालच्या झुडपात अडकला, खरचटण्यावर निभावलं. मला त्या ढिसाळपणाचा राग आजही आहे आणि तो लपवावा असं वाटत नाही. माणसांना वर नेण्याचे पैसे घेतले तर खाली आणण्याचा हिशेब आधी झाला पाहिजे : किती माणसं, किती दोर, एका माणसाला किती मिनिटं, उजेड किती वाजेपर्यंत. चौथीच्या मुलांना घालतो तेवढंच हे गणित आहे. ते न केल्याचा भुर्दंड शेवटी लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'सारख्या बचावपथकातली माणसं भरतात. घरचं जेवणाचं ताट सोडून, मध्यरात्री, कुणा अनोळखी पोरासाठी स्ट्रेचर खांद्यावर घेऊन.

एक हकिकत डोंगरातली नाही, समुद्रातली आहे. तारकर्लीला पन्नासाव्या वर्षी मी पहिल्यांदा पाण्याखाली गेले. तीही उतरणच. दर दहा मीटरला हवेच्या एका वातावरणाइतका दाब वाढत जातो. पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच कान दुखू लागतात, नाक चिमटीत धरून हवा कानाकडे ढकलावी लागते, दुखत असेल तर थोडं वर यावं लागतं. आणि श्वास कधीही रोखून धरायचा नाही, वर येताना तर नाहीच. घाबरलेल्या माणसाला नेमकं तेच करावंसं वाटतं. ती हकिकत छोटी आहे. डोंगराइतकी माझी समुद्राशी ओळख नाही.

आता सांदण. हे पुस्तक लिहायचं तिथे ठरलं.

भंडारदऱ्याजवळच्या साम्रद गावापासून अगदी हाकेच्या अंतरावर जमीन दुभंगलेली आहे. त्या भेगेत शिरलं की दोन्ही बाजूंना कातळभिंती उभ्या राहतात, काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतील की काय असं वाटावं इतक्या जवळ. ऊन तळापर्यंत क्वचितच पोचतं. मधे गार पाण्याचे डोह, ते ओलांडायचे, मग धोंड्यांवरून उतरत जायचं, आणि पुढे कातळ तुटतो तिथे दोर लावावा लागतो. पावसाळ्यात ही घळ म्हणजे पाण्याची वाट. तेव्हा तिथे माणसाचं काम नाही.

आम्ही सहा जण होतो. दोर मधोमध वरच्या अँकरच्या कडीतून ओवला होता, दोन्ही पदर खाली सोडले होते, दोन्ही टोकांना गाठी. आठच्या आकड्याच्या डिसेंडरमध्ये दोर अडकवला, कॅराबिनरचा स्क्रू आवळला, उजवा हात खाली कमरेशी. आणि मग ती एक गोष्ट करायची जिला सगळं अंग नाही म्हणतं : दरीकडे पाठ करून मागे झुकायचं. कडेला बिलगून राहावंसं वाटतं, पण बिलगलं की पाय सटकतात. अंग मागे टाकून पाय भिंतीला आडवे टेकवले तरच बूट कातळाला धरतो. तळवे ओले झाले होते. मी झुकले, दोर ताणला गेला, कमरपट्टा मांड्यांना आवळला, आणि कातळ एकदम पायाखालच्या जमिनीसारखा वाटायला लागला.

सगळे खाली आल्यावर शेवटचं काम. टोकांच्या गाठी सोडल्या, कारण गाठ राहिली तर ती कडीत अडकते. मग आमच्यातला सगळ्यात जाणता माणूस एक पदर हातात घेऊन थांबला. एकदा दोर ओढला की वर जायची सोय संपली. त्याने विचारलं, "करोली घाटाची वाट कुणाकुणाला पाठ आहे?" आम्ही सहाही जणांनी हात वर केले. महिनाभर आधी त्याने आम्हाला त्यासाठीच तिकडे आणलं होतं. सांदणच्या तळातून साम्रदला परत चढणारी ती वाट आम्ही दिवसाउजेडी चढून-उतरून पाहिली होती; कुठे वळायचं, कुठे पाणी, सगळं. मग त्याने दोर ओढला. एक टोक वर वर जात राहिलं, कडीतून निसटलं आणि अख्खा दोर सर्रकन आमच्या पायांशी येऊन पडला. क्षणभर कुणी हललं नाही. मला सूर्याजी आठवले. आम्हीही दोर सोडला होता, पण दुसरा आधी हातात घेऊन.

या हकिकतींत वाटांची वर्णनं आहेत, पण हे वाटाड्याचं पुस्तक नाही. एका पावसाळ्यात दरड येते आणि वाट बदलते. वनखात्याचे नियमही बदलतात. जाणार असाल तर गावातला माणूस बरोबर घ्या, त्याला त्याच्या दिवसाचे पैसे द्या. वाटेत आग्या मोहोळ दिसलं तर अत्तर, धूर, आरडाओरडा सगळं टाळा आणि मुकाट्याने पुढे सरका. सगळ्यांची नावं मी वगळली आहेत, बरोबरच्यांची आणि वाटाड्यांचीही, कारण त्यांनी मला सोबत दिली ती छापून येण्यासाठी नव्हती.

त्या दिवशी सांदण उतरून आम्ही पायथ्याच्या डेहण्याला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. पहिल्याच घराच्या ओट्यावर एक आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या. घाटमाथ्यावरच्या गावात आपल्याला विचारतात, कुठनं आलात. पायथ्याच्या गावात वेगळं विचारतात. आजींनी आमचे चिखलाचे बूट पाहिले, सुपातला हात न थांबवता विचारलं, "कुठून उतरलात गं?"

मी मागे वळून बोट दाखवलं. सह्याद्रीची काळी भिंत अंधारात जात होती आणि आम्ही आलो ती भेग आता दिसत नव्हती. आजींनी मात्र बोटाच्या दिशेने एकदा पाहिलं, मान हलवली, आणि आत पाणी आणायला हाक मारली.